संशोधकांसाठी एनआयडब्ल्यू: पहिल्या वाक्यापासून जन्मदाखल्यापर्यंत

अमेरिकेत पीएचडी संपत आली किंवा पोस्टडॉकचं पहिलं वर्ष उलटलं, की दुपारच्या डब्याच्या वेळी एक शब्द हमखास निघतो: एनआयडब्ल्यू, म्हणजे कंपनीशिवाय स्वतःच करायचा ग्रीन कार्डाचा अर्ज. कुणी म्हणतं, "दोनशे सायटेशन (इतरांच्या निबंधांत तुझ्या निबंधांचे उल्लेख) झाल्याशिवाय हात लावू नकोस." कुणी म्हणतं, "वकील सगळं करतो, तू फक्त सीव्ही पाठव." मी हा अर्ज केला, त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे मसुदे वाचून दिले, आणि या दोन्ही सल्ल्यांनी लोकांचं नुकसान होतं असं माझं ठाम मत झालं आहे. पहिल्या सल्ल्यापायी माणसं दोन-तीन वर्षं उगाच थांबतात. दुसऱ्यापायी अर्जातली सगळ्यात महत्त्वाची दोन पानं अशा माणसाच्या हातात जातात, ज्याला त्यांचं काम नीट माहीत नसतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी हे आहे काय?

नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या दुसऱ्या वर्गाला ईबी-२ म्हणतात. एरवी या वर्गात अर्ज करायचा तर कंपनीने किंवा विद्यापीठाने आधी जागेची जाहिरात द्यायची, त्या कामाला योग्य अमेरिकन माणूस मिळत नाही हे कामगार खात्याला पटवायचं, मग तुमच्या नावाने अर्ज भरायचा. 'नॅशनल इंटरेस्ट वेव्हर' म्हणजे देशाच्या हितासाठी या सगळ्यातून दिलेली सूट. नोकरीचं पत्र लागत नाही, जाहिरात लागत नाही, अर्जदार तुम्ही स्वतः. गाइडने किंवा एचआरने सही करायची वाट बघावी लागत नाही. नोकरी बदलली तरी अर्ज तुमचाच राहतो, दुसरं कुणी तो मागे घेऊ शकत नाही. अर्ज भारतात बसूनही करता येतो.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी समजून घ्या. एनआयडब्ल्यू ज्यावर भरतात तो आय-१४० हा फॉर्म मंजूर झाला म्हणजे ग्रीन कार्ड मिळालं असं होत नाही. त्या मंजुरीवर अमेरिकेत राहता येत नाही की काम करता येत नाही. रांगेत तुमची जागा पक्की झाली, एवढाच त्याचा अर्थ.

जन्म भारतात झाला असेल तर

ही रांग लांब आहे, आणि ती किती लांब आहे ते कुणी स्पष्ट सांगत नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. त्यातला २८.६ टक्के वाटा ईबी-२ चा. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांची मर्यादा. परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते दिलेलं असतं. २०२५ साली भारताच्या ईबी-२ ची तारीख २०१२-१३ च्या दरम्यान रेंगाळत होती. म्हणजे बारा वर्षांहून जुने अर्ज तेव्हा पुढे सरकत होते.

हे वाचून पुष्कळ जण म्हणतात, मग कशाला करायचा? मी नेमकं उलट सांगते: म्हणूनच लवकर करा. तुमचा आय-१४० ज्या दिवशी दाखल होतो तो दिवस म्हणजे तुमची प्रायॉरिटी डेट. पुढे तुम्ही ईबी-१ मध्ये, म्हणजे नोकरीवर आधारित पहिल्या वर्गात, पात्र ठरलात तर तीच तारीख तिकडे नेता येते. २०२५ मध्ये बराच काळ भारताच्या ईबी-१ ची तारीख १५ फेब्रुवारी २०२२ होती. आता हिशोब करा: कुणी २०२१ मध्ये एनआयडब्ल्यू दाखल केला आणि चार वर्षांनी चांगलं काम हाताशी आल्यावर ईबी-१ चा अर्ज मंजूर करून घेतला, तर जुन्या तारखेमुळे त्याचा नंबर लगेच लागतो. ज्याने पहिला अर्ज केलाच नाही तो २०२५ ची तारीख घेऊन शेवटी उभा राहतो.

मधल्या काळातही मंजूर आय-१४० कामाला येतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सहा वर्षांची मर्यादा ओलांडून तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेल्या जोडीदाराला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. ज्या घरात नवरा किंवा बायको चांगलं शिकूनसवरून वर्षानुवर्षं घरी बसून आहे, त्या घरासाठी ही एकच गोष्ट अर्जाचा सगळा खर्च भरून काढते.

रांग ठरते ती जन्मस्थळावर, पासपोर्टावर नाही. आईवडील नोकरीसाठी आखातात होते आणि तुमचा जन्म मस्कतला किंवा दुबईला झाला, तर तुम्ही भारताच्या रांगेत नाही. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्याच्या देशाच्या रांगेतून जाता येतं. बऱ्याच जणांच्या हे लक्षातच येत नाही.

तुमच्या सध्याच्या व्हिसाचा विचार

एच-१बी वर असाल तर अर्ज करायला काही अडचण नाही, त्या व्हिसात कायम राहण्याचा इरादा चालतो. एफ-१ (विद्यार्थी) आणि जे-१ (आदानप्रदान) या व्हिसांचं तसं नाही. आय-१४० दाखल केला की तुमचा इथेच राहायचा इरादा नोंदला जातो, आणि पुढे भारतात जाऊन व्हिसाचा नवा शिक्का घ्यायचा म्हटलं तर वाणिज्य दूतावासात अडचण येऊ शकते. भावाचं लग्न, आजीची तब्येत, अशी भारतवारी नजीक असेल तर आधी शिक्का घेऊन या, मग अर्ज टाका. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था एच-१बी च्या लॉटरीतून मुक्त असतात, तेव्हा पोस्टडॉक मिळतानाच जे-१ ऐवजी एच-१बी देता का, असं विचारून बघा. विचारायला संकोच करू नका, कित्येक विभाग देतात.

जे-१ वाल्यांसाठी आणखी एक मुद्दा. दोन वर्षं मायदेशी राहायची अट लागू असेल तर एनआयडब्ल्यू ती अट काढत नाही, तिची सूट वेगळी घ्यावी लागते. पूर्वी भारतीय संशोधकांना ही अट बहुधा कौशल्य-यादीमुळे (मायदेशाला ज्या विषयांतली माणसं हवीत त्यांची यादी) लागायची. डिसेंबर २०२४ मध्ये ती यादी बदलली आणि भारत त्यातून वगळला गेला. पण फुलब्राइटसारखा सरकारी पैसा घेतलेला असेल, किंवा तुम्ही वैद्यकीय प्रशिक्षणासाठी आलेले डॉक्टर असाल, तर अट तशीच आहे. आपला डीएस-२०१९ (जे-१ साठी मिळालेला पात्रतेचा कागद) काढून नीट वाचा.

पदवी

मास्टर्स किंवा त्यावरची पदवी हवी, नाहीतर बॅचलर्स आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा चढत्या जबाबदारीचा अनुभव. अमेरिकेतली पीएचडी असेल तर हा प्रश्न मिटला. भारतातल्या पदवीवर अर्ज करत असाल तर पदवी-मूल्यमापनाचा अहवाल जोडा. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची, तिथली चार, त्यामुळे एम.एस्सी. वर थांबलेल्यांनी हा अहवाल काळजीपूर्वक करून घ्यावा. पदवीचा विषय आणि पुढचं काम यांचा संबंध दिसायला हवा, हेही यूएससीआयएसने (हे अर्ज तपासणारं अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

तीन कसोट्या, आणि सगळं ज्यावर उभं राहतं ते वाक्य

आज एनआयडब्ल्यू ज्या कसोट्यांवर तपासला जातो त्या २७ डिसेंबर २०१६ च्या 'मॅटर ऑफ धनसार' या निर्णयातल्या आहेत. त्याआधी १९९८ चा एक निर्णय चालायचा, न्यूयॉर्क राज्याच्या वाहतूक खात्यात पुलांचं काम करणाऱ्या एका इंजिनिअरच्या प्रकरणातला. त्याची भाषा इतकी अवघड होती की संशोधकांचे अर्ज तिथेच अडखळायचे. धनसार प्रकरणातला अर्जदार एरोस्पेस इंजिनिअरिंगमधला संशोधक आणि शिक्षक होता. त्या निर्णयाने तीन प्रश्न ठेवले. तुम्ही जे करू पाहता त्यात खरं मोल आणि देशपातळीवरचं महत्त्व आहे का? ते पुढे नेण्याच्या स्थितीत तुम्ही आहात का? आणि एकूण तोलून पाहता नोकरीच्या पत्राची व कामगार खात्याच्या दाखल्याची अट सोडणं देशाच्या फायद्याचं आहे का?

त्या निर्णयातला एक बारकावा संशोधकांनी लक्षात ठेवावा. अर्जदाराचं हायपरसॉनिक प्रॉपल्शनवरचं संशोधन पहिल्या कसोटीला उतरलं. त्याचं विद्यार्थ्यांना शिकवणं मात्र मोलाचं मानलं गेलं, पण देशपातळीवरचं म्हणून धरलं गेलं नाही, कारण त्याचा परिणाम त्या वर्गापलीकडे पोचतो असं कागदावर दिसत नव्हतं. तुमच्या अर्जातही 'मी चांगलं शिकवतो, ज्युनिअरना तयार करतो' यावर जोर देऊ नका.

आता ते वाक्य. पहिल्या कसोटीतला 'एंडेव्हर' म्हणजे तुम्ही पुढे हाती घेणार असलेलं काम. नवखे लोक इथे आपलं पद लिहितात. माझा स्वतःचा पहिला मसुदा असा होता: "अमेरिकेत वनस्पती-संरक्षण क्षेत्रात संशोधक म्हणून काम करून शेतीच्या प्रगतीला हातभार लावणे." यात चूक एकही शब्द नाही, पण यातून काही कळतही नाही. हे वाक्य हजार जण लिहू शकतात.

माझं काम ज्वारीवरच्या माव्यावर आहे. आमच्या सोलापूरकडे त्याला चिकटा म्हणतात. पानांवर साखरेचा थर बसतो, त्यावर काळी बुरशी चढते, कणीस भरत नाही. हीच कीड २०१३ मध्ये टेक्सासमध्ये ज्वारीवर उसळली आणि दोन-तीन वर्षांत तिथल्या ज्वारीच्या बहुतेक पट्ट्यात पसरली. अमेरिकेत ज्वारी सगळ्यात जास्त होते ती कॅन्ससमध्ये, तीही बरीचशी कोरडवाहू. हे सगळं मला पाठ होतं, पण पहिल्या मसुद्यात त्यातलं काहीच नव्हतं. शेवटी अर्जात गेलेलं वाक्य असं: "ज्वारीवरील माव्याला प्रतिकार करणारी जनुकं ओळखून, दक्षिण मैदानी पट्ट्यातल्या कोरडवाहू संकरित वाणांत ती आणण्यासाठी पैदासकारांना वापरता येतील अशा जनुकीय खुणा विकसित करणं." कीड कुठली, पीक कुठलं, भाग कुठला, हातात काय देणार, कुणाला देणार, हे सगळं त्या एका वाक्यात आलं. त्यानंतर देशपातळीवरचं महत्त्व सांगायला जागा सापडली: फवारणीचा खर्च, पाण्याचा ताण असलेल्या भागात मक्याला पर्याय, सरकारी कृषी-संशोधनाचे जाहीर झालेले प्राधान्यक्रम.

तुमचं वाक्य लिहून झालं की दुसऱ्या विषयातल्या मैत्रिणीला वाचायला द्या आणि दोन मिनिटांनी विचारा, मी काय करणार आहे? तिला सांगता आलं नाही तर पुन्हा लिहा. मी हे अकरा वेळा केलं. अर्ज तपासणारा अधिकारी तुमच्या विषयातला नसतो, आणि त्याचा दोष नाही.

काम मूलभूत संशोधनाचं असेल, आज कुणाच्या हाती काही पडणार नसेल, तर घाबरू नका. तात्काळ आर्थिक फायदा दिसला नाही तरी विज्ञानातल्या संशोधनाला मोल असू शकतं, असं त्याच निर्णयात म्हटलं आहे. फक्त त्या ज्ञानावर पुढे कोण काय उभारतं ते दाखवा.

तुम्हीच ते का करू शकता?

दुसऱ्या कसोटीत तुमचं आजवरचं काम येतं, पण पुढच्या कामाचा पुरावा म्हणून. शोधनिबंध, पेटंट, ग्रँटमधलं नाव, इतरांचे निबंध तपासायला आलेली निमंत्रणं, चालू प्रकल्पाची पत्रं, पुढच्या तीन वर्षांचा आराखडा. सायटेशनचा ठरलेला आकडा कुठेही नाही. गणितात चाळीस म्हणजे पुष्कळ, मशीन लर्निंगमध्ये चारशे म्हणजे कदाचित काहीच नाही. म्हणून नुसता आकडा देऊ नका. त्या विषयात, त्या वर्षी निघालेल्या निबंधांत तुमचा निबंध वरच्या किती टक्क्यांत येतो ते उपलब्ध तक्त्यांवरून दाखवा. आणि त्याहून भारी पुरावा म्हणजे कुणीतरी तुमची पद्धत खरोखर वापरलेली असणं. तो परिच्छेद काढा, पिवळा करा, जोडा. माझ्या अर्जात अशी सहाच पानं होती आणि तीच कामाला आली असं मला आजही वाटतं.

शिफारसपत्रं चार ते सहा पुरतात. गाइडचं एक हवंच, पण निम्मी तरी अशा लोकांची हवीत ज्यांनी तुमच्यासोबत कधी काम केलेलं नाही. अनोळखी शास्त्रज्ञाला पत्र मागायचं या कल्पनेनेच आपल्याला कानकोंडं होतं. मार्ग सोपा आहे: ज्यांनी तुमचा निबंध उद्धृत केला आहे त्यांना लिहा. चार ओळींचा मेल, सोबत सीव्ही, आणि "तुमच्या अमुक निबंधात आमची पद्धत वापरलेली दिसली" हा उल्लेख. मी नऊ जणांना लिहिलं, चौघांनी होकार दिला, तिघांनी उत्तरच दिलं नाही. राग मानू नये, दोन आठवड्यांनी एक आठवण करावी आणि पुढे जावं.

पत्रात "अत्यंत हुशार आणि मेहनती" असली विशेषणं कितीही असली तरी त्यांचा उपयोग नाही. "आम्ही तिच्या खुणा वापरून आमच्या पैदास कार्यक्रमातल्या ओळी निवडल्या आणि एक हंगाम वाचला" या एका वाक्याला वजन आहे. मसुदा तुम्हीच पाठवा असं बरेच जण म्हणतात. पाठवा, पण प्रत्येकाचा वेगळा लिहा, त्या माणसाला जे खरोखर माहीत आहे तेवढंच त्यात घाला, आणि त्याला मनासारखं बदलू द्या. एकाच हातच्या सहा पत्रांवरून अधिकाऱ्याची नजर फिरली की लगेच कळतं.

तिसऱ्या कसोटीवर फार पानं खर्च करू नका. कामगार खात्याचा दाखला एका ठराविक जागेसाठी असतो, तुमचं काम अनेक संस्थांना उपयोगी पडणारं आहे, आणि ते थांबलं तर काय अडेल, एवढं दीड पानात सांगता येतं. सगळ्या अर्जाला पुराव्याचं माप 'नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त' एवढंच आहे. तुम्ही जगातले सर्वोत्तम आहात हे सिद्ध करायचं नाही. ती भाषा ईबी-१ साठी ठेवा.

फॉर्म, फी, पाकीट

आय-१४० फॉर्म, त्यासोबत कामगार खात्याच्या ईटीए-९०८९ चं परिशिष्ट अ आणि त्याच फॉर्मचं सही केलेलं अंतिम निर्णयाचं पान. हे दुसरं पान लोक विसरतात. फी एप्रिल २०२४ पासून ७१५ डॉलर, आणि स्वतः अर्ज करणाऱ्यांना असायलम प्रोग्रॅम फी ३०० डॉलर. फीचे आकडे आणि ती भरायची रीत बदलत राहते, म्हणून पाठवायच्या आदल्या दिवशी यूएससीआयएसच्या पानावर फॉर्मची आवृत्ती, फी आणि पत्ता तिन्ही पुन्हा तपासा. जुन्या आवृत्तीचा फॉर्म परत येतो, आणि त्यासोबत तारीखही जाते.

४५ कामाच्या दिवसांत उत्तर हवं असेल तर प्रीमियम प्रोसेसिंग आहे, त्याचे पावणेतीन हजार डॉलरच्या वर लागतात. एच-१बी चं सहावं वर्ष संपत आलं असेल, किंवा जोडीदाराचा परवाना अडला असेल, तर जरूर भरा. तसं काही नसेल आणि जन्म भारतातला असेल तर थांबा. प्रायॉरिटी डेट दाखल झाल्याच्या दिवशीच मिळते, प्रीमियमने रांग एक दिवसही कमी होत नाही. पोस्टडॉकच्या पगारात ती रक्कम म्हणजे दीड-दोन महिन्यांचं घरभाडं आहे.

वकील लागतोच असं नाही. घ्यायचा असेल तर तुमच्या विषयातले मसुदे त्याने कसे लिहिले ते आधी विचारा, आणि एंडेव्हरचं वाक्य काही झालं तरी स्वतः लिहा.

आणखी पुरावे मागितले तर

आरएफई, म्हणजे आणखी पुरावे मागणारं पत्र, आलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं. तसं व्हायचं कारण नाही. सध्या ते पुष्कळांना येतं आणि त्यानंतर मंजूरही होतं. मुदत जास्तीत जास्त १२ आठवडे असते, पण उत्तर एकदाच पाठवता येतं, तुकड्यातुकड्यात नाही. पत्र तीनदा वाचा आणि अधिकाऱ्याने कुठल्या कसोटीबद्दल काय म्हटलं ते वेगळ्या कागदावर उतरवा. एंडेव्हर इथे बदलायचा नाही, फक्त खुलासा करायचा. नवीन काम घुसवलं तर मूळ अर्जच कच्चा होता असं दिसतं. नामंजूर झालाच तर पुन्हा नवा अर्ज करता येतो, एकदा नकार आला म्हणून दार बंद होत नाही.

जन्मदाखला आत्ताच काढून घ्या

हा कागद आय-१४० ला लागत नाही, तो लागतो नंबर लागल्यावर, इथे अमेरिकेत आय-४८५ हा प्रत्यक्ष ग्रीन कार्डाचा फॉर्म भरताना किंवा भारतात असाल तर मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासातल्या मुलाखतीला. म्हणून सगळे पुढे ढकलतात, आणि नंबर लागतो तेव्हा गावात कुणी उरलेलं नसतं. माझ्या दाखल्यावर नावाच्या रकान्यात नुसती रेघ होती, कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद झाली होती. आईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. आई ग्रामपंचायतीत चार चकरा मारून आली. ग्रामसेवकांनी शाळा सोडल्याचा दाखला आणि माझा पासपोर्ट बघून मूळ नोंदीत नाव चढवलं आणि नवा दाखला दिला.

नोंदच सापडत नसेल तर तसं लिहिलेला अनुपलब्धतेचा दाखला घ्या. सोबत शाळेचा दाखला, आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं करून ठेवा. मामा, मावशी, आत्या, जे कुणी तेव्हा होते, त्यांना आज आठवतंय तोवर. मराठी कागदांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्क्यातल्या अक्षरांसकट, आणि खाली भाषांतर करणाऱ्याने दोन्ही भाषा येतात व भाषांतर अचूक आहे असं लिहून सही करायची. ते स्वतः न करता मराठी येणाऱ्या मित्राकडून करून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची किंवा विवाह-नोंदणीची प्रत त्याच पाकिटात ठेवा, आणि पाकिटावर पासपोर्टात आहे तसंच नाव लिहा, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट.